'च' कुठे लावायचा? पाळक, फादर आणि प्रचारक मंडळींना एक खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, फादर, पास्टर, बायबल स्टडी घेणारे दादा-ताई आणि माईक हातात आला की तारणावर, म्हणजे पापातून सुटका कशी होते यावर, बोलणारे सगळेच,

प्रभूच्या नावात सलाम.

मी थिऑलॉजी शिकलेली नाही, हे आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. 19 वर्षं संडे स्कूल घेतलं, बास, एवढंच क्वालिफिकेशन. पत्र लिहायचं कारण माझी आई. तिला डिमेन्शिया आहे, आता सहावं वर्ष चालू आहे, मला ती कधी ताई म्हणते कधी बाई म्हणते आणि बऱ्याचदा काहीच म्हणत नाही. मध्यंतरी एक पाळक भेटायला आले, चांगला माणूस, वेळ काढून आले, प्रार्थना केली, आणि मग तिचा हात हातात घेऊन विचारलं, आई, येशू तुमचा तारणारा आहे ना, विश्वास आहे ना? आई त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "कोण?"

पाळकांचा चेहरा खर्रकन उतरला. निघताना दारात हळूच मला विचारतात, पूर्वी त्यांनी मनापासून विश्वास ठेवला होता ना, तुम्हाला नक्की आठवतंय ना? म्हणजे जणू कुठेतरी एक फॉर्म आहे, त्यावर आईची सही आहे, आणि मी कपाट उचकून तो शोधून काढायचा. मला त्यांचा राग आला नाही, खरंच नाही, त्यांना काळजी वाटत होती. पण तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना.

त्याच सुमारास दुसरी गोष्ट घडली. माझ्या मावसभावाला त्याच्या धंद्यातल्या पार्टनरने फसवलं, हिशोबात गोलमाल करून पैसे खाल्ले, सगळ्यांना माहीत आहे, तो स्वतःही नाकारत नाही. हा पार्टनर एका मीटिंगला गेला, हात वर केला, पुढून सांगितलेली प्रार्थना मागून म्हटली, आणि पुढच्याच रविवारी उभा राहून साक्ष दिली की माझं सगळं माफ झालं, मी मोकळा झालो. मंडळीने टाळ्या वाजवल्या. पैशांचं काय, असं एकानेही विचारलं नाही. मावसभाऊ आता उपासनेला येत नाही आणि त्याच्याबद्दल कुजबूज काय, तर "बघा, क्षमा करत नाही, विश्वासात कमी पडतोय".

म्हणजे एकीकडे आईला नापास करायची तयारी आणि दुसरीकडे याला डिस्टिंक्शन, आणि दोन्हीकडे शिकवण एकच, "तारण फक्त विश्वासाने". मला वाटलं आपलं कुठेतरी चुकतंय. शिकवण चुकतेय की ती वापरायची पद्धत, ते शोधायला बसले, आणि शोधता शोधता एका अक्षरापाशी येऊन थांबले.

ते अक्षर म्हणजे 'च'. बाकीच्या भाषांना जिथे एक अख्खा शब्द खर्च करावा लागतो तिथे मराठी एका अक्षरात काम उरकते. मीच, तूच, आत्ताच. विश्वासानेच. पश्चिमेकडच्या चर्चमधलं पाचशे वर्षांचं भांडण बघितलं तर ते या एका 'च'चं आहे, आणि हे मी उगाच चमकदार काहीतरी बोलायचं म्हणून बोलत नाहीये, शब्दशः तसं आहे. ज्याच्यापासून प्रोटेस्टंट चळवळ सुरू झाली त्या मार्टिन ल्यूथरने 1522 साली नवा करार जर्मनमध्ये आणला तेव्हा पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 3:28 मध्ये त्याने 'फक्त' हा शब्द घातला, फक्त विश्वासाने मनुष्य नीतिमान (म्हणजे देवापुढे निर्दोष) ठरतो, आणि मूळ ग्रीकमध्ये तो शब्द नाही. लोक तुटून पडले, शास्त्रात भर घालतोस म्हणून. 1530 मध्ये त्याने उत्तर दिलं, तेही खुलं पत्रच होतं बरं का, म्हणजे मी काही नवीन करत नाहीये. त्यात त्याचं म्हणणं असं की शब्द नाही हे मला माहीत आहे, पण दोन गोष्टींपैकी एक हो आणि एक नाही असं सांगायचं असलं की जर्मन माणूस 'फक्त' वापरतोच, शेतकरी फक्त धान्य आणतो, पैसे आणत नाही, असं आपण बोलतो की नाही? आपल्या मराठीत आपण 'धान्यच आणतो' म्हटलं असतं. म्हणजे भाषांतर करणाऱ्याची अडचण होती ती, आणि अर्थाने बघितलं तर पौलाचं वाक्य तिकडेच जातं, याबद्दल मला ल्यूथरशी भांडायचं नाही.

आता यातली खरी गंमत, जी संडे स्कूलच्या मुलांना मी दरवर्षी कोडं म्हणून घालायचे. 'केवळ विश्वासाने' हे शब्द अख्ख्या नव्या करारात एकत्र किती वेळा येतात? एकदा. याकोबाच्या पत्रात, 2:24. आणि तिथे पुढे 'नव्हे' आहे. ल्यूथरला याकोबाचं पत्र फारसं आवडायचं नाही, 1522 च्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताच्या काडीचं पत्र म्हटलं, नंतरच्या आवृत्त्यांतून ते वाक्य गेलं. पण हाच माणूस रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत लिहितो की विश्वास ही जिवंत, सतत काहीतरी करत राहणारी, एक क्षण स्वस्थ न बसणारी गोष्ट आहे, चांगली कृत्यं करावीत का असं ती विचारत नाही, विचारायच्या आत करून मोकळी होते, आणि विश्वासापासून कृत्यं वेगळी करणं म्हणजे विस्तवापासून ऊब आणि उजेड वेगळा करणं. हे वाचल्यावर मला वाटलं की आपल्या स्टेजवरून जो 'फक्त विश्वास' विकला जातो तो ल्यूथरचा नाहीच, तो कुठून आला देव जाणे.

ल्यूथर गेल्यावर त्याच्याच लोकांत काय झालं ते तर ऐकण्यासारखं आहे. गेओर्ग मायोर नावाच्या शिक्षकाने 1552 मध्ये मांडलं की तारणासाठी चांगली कृत्यं आवश्यक आहेत. त्यावर आम्सडोर्फ, ल्यूथरचा जुना दोस्त, इतका भडकला की 1559 मध्ये त्याने उलट लिहिलं, चांगली कृत्यं तारणाला घातक आहेत. घातक! भांडणात माणूस कुठपर्यंत जातो बघा. शेवटी 1577 मध्ये ल्यूथरन लोकांनी बसून दोन्ही वाक्यं बाजूला काढली, हेही नको आणि तेही नको. मला आजही काही प्रवचनं ऐकताना आम्सडोर्फ आठवतो, "कृत्यांच्या नादाला लागू नका, ती माणसाला गर्विष्ठ करतात" असं जोरात सांगणारे, आणि समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी आयुष्यात गर्व करण्यासारखं काही केलेलंच नसतं, त्यांना कसली भीती घालताय.

आता फादर लोकांकडे वळते, कारण आमच्या प्रोटेस्टंट घरात लहानपणापासून ऐकलं की कॅथोलिक लोक कर्म करून स्वर्ग कमावतात. मी स्वतः मुलांना तसं शिकवलंय, त्याबद्दल या पत्रातूनच माफी मागते. कॅथोलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने 13 जानेवारी 1547 ला नीतिमान ठरण्यावर जो ठराव केला त्यात 33 कलमं आहेत. आम्हाला फक्त नववं कलम सांगितलं जातं, 'फक्त विश्वासाने, आणखी काहीच लागत नाही' म्हणणाऱ्याला शाप. बरोबर आहे, ते आहेच. पण पहिलं कलम काय म्हणतं? कृपेवाचून, स्वतःच्या कृत्यांनी मनुष्य नीतिमान ठरू शकतो असं म्हणणाऱ्यालाही शाप! आणि त्याच ठरावाच्या आठव्या अध्यायात असं आहे की नीतिमान ठरण्याच्या आधीचं काहीही, मग तो विश्वास असो की कृत्यं, ती कृपा कमावू शकत नाही. विश्वास असो की कृत्यं. हे वाचून मी पुस्तक मिटून बसले थोडा वेळ.

आणि ही काही त्यांची 1547 मधली नवी शोधाशोध नाही, आधीपासूनचं आहे, माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो म्हणणारा पेलाग्य आणि कृपेवाचून नाही म्हणणारा ऑगस्टीन यांचा वाद पाचव्या शतकातला, 529 मध्ये ऑरेंजच्या परिषदेने सांगून टाकलं की विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते. त्यानंतर हजार वर्षांनी आपण पुन्हा भांडायला उभे. अर्थात भांडायला कारण होतं, पापक्षमेची पत्रकं पैसे घेऊन दिली जात होती, चिठ्ठी दाखवली की लोकांना वाटायचं सुटलो, आणि हे बघून ल्यूथर गप्प बसला नाही ते बरंच केलं. 1517 च्या त्याच्या 95 मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा काय आहे तर प्रभूने पश्चात्ताप करा म्हटलं तेव्हा विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्ताप असावं असा त्याचा अर्थ होता. सगळं आयुष्य. एका संध्याकाळच्या मीटिंगमध्ये वर केलेला हात नव्हे.

मग मी इफिसकरांस पत्र 2:8 उघडलं, जे आपण सगळे झोपेत म्हणू शकतो. "कारण कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे." किती वेळा पाठ घेतलाय मी हा मुलांकडून! आणि 'च' कुठे आहे ते कधी बघितलंच नव्हतं. कृपेला आहे. विश्वासाला नाही. विश्वासाला 'च्या द्वारे' आहे. ग्रीकमध्येही कृपा हा शब्द वाक्यात पुढे आणून ठेवलाय, त्यामुळे मराठी करणाऱ्यांनी तो 'च' अगदी योग्य जागी लावलाय, त्यांना मनापासून सलाम. आणि लगेच पुढे दहाव्या वचनात, जे आपण पाठांतरात गाळतो, लिहिलंय की आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत. 8, 9 पाठ आणि 10 ला सुट्टी, हे कोणी ठरवलं?

31 ऑक्टोबर 1999 ला आउग्सबुर्गमध्ये लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथोलिक चर्च यांनी एकत्र सही केली त्या जाहीरनाम्यातसुद्धा, बघा, 'फक्त' हा शब्द कृपेला लावलाय, फक्त कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासात, आणि आमच्या कुठल्याही लायकीमुळे नव्हे, देव आम्हाला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा देतो जो आमची अंतःकरणं नवी करतो आणि सत्कृत्यांना बोलावतो. 2006 मध्ये मेथडिस्ट त्यात आले, 2017 मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्या आल्या. सगळे वाद मिटले असं कोणी म्हणत नाही, पण ज्या एका गोष्टीवर सह्या झाल्या ती ही. तुमच्यापैकी कितीजणांनी मंडळीला हे सांगितलंय? मला तरी कोणी सांगितलं नव्हतं.

मुद्दा असा की 'च' कृपेवरून उचलून विश्वासावर ठेवला की काय होतं ते मी माझ्या घरात बघितलं. विश्वास हेच एक कर्म होऊन बसतं. आधी म्हणायचो इतके उपास, इतकं दान, आता म्हणतो इतका विश्वास, आणि तो खरा पाहिजे, मनापासूनचा पाहिजे, शंका नको, तारीख आठवली पाहिजे, कुठल्या दिवशी तारण झालं. किती झाला म्हणजे पुरेसा? कोण मोजणार? दानाचा निदान हिशोब तरी लागतो! मला अशी माणसं माहीत आहेत ज्यांनी ती प्रार्थना सात-आठ वेळा म्हटली आहे, दर मीटिंगला, कारण मागच्या वेळी मनापासून झाली की नाही याची खात्री नाही. ही प्रार्थना, हा हात वर करणं, हे पुढे येणं, हे शास्त्रात विधी म्हणून कुठेच नाही, हे प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या सभांमधून रुळलं, चार्ल्स फिनी नावाचा प्रचारक लोकांना पुढच्या बाकावर बोलवायचा तेव्हापासून. पद्धत म्हणून वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, माझीसुद्धा सुरुवात तशीच झाली. पण 'काहीही करावं लागत नाही' म्हणता म्हणता आपण करायची एक नवीन गोष्ट घातली आणि ते आपल्या लक्षात पण आलं नाही.

योहान 6 मध्ये लोक येशूला विचारतात, देवाची कामं आमच्या हातून व्हावीत म्हणून आम्ही काय करावं, आणि तो म्हणतो, देवाने ज्याला पाठवलं त्याच्यावर विश्वास ठेवावा हेच देवाचं काम. काम! त्याने विश्वासालाच काम म्हटलं. यावर पंडितांनी खूप काथ्याकूट केलाय, देवाचं काम म्हणजे देव मागतो ते की देव स्वतः करतो ते. मला दुसरं जास्त पटतं, पण पटलं म्हणून सिद्ध होत नाही, ते असो.

आता जे मला खरं बोलायचंय. "आम्ही काय करावं?" हा प्रश्न सुवार्तांमध्ये आणि प्रेषितांच्या कृत्यांत परत परत येतो, आणि उत्तर दर वेळी वेगळं आहे. मी एकदा वहीत ओळीने लिहून काढलं आणि चक्रावले. योहान बाप्तिस्मा करणाऱ्याला लोक विचारतात, तो म्हणतो दोन अंगरखे असतील तर एक दे. जकातदार विचारतात, त्यांना सांगतो ठरलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपाई विचारतात, त्यांना सांगतो कोणाला धाक दाखवून लुबाडू नका, पगारात भागवा. श्रीमंत माणूस येशूपुढे गुडघे टेकून विचारतो, त्याला सांगतो सगळं विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. पेत्राचं भाषण ऐकून ज्यांच्या काळजाला टोचलं त्यांना उत्तर मिळतं, पश्चात्ताप करा आणि बाप्तिस्मा घ्या. आणि फिलिप्पै शहरातल्या बंदिशाळेचा नायक आपल्या कैद्यांना, पौल आणि सीला यांना, विचारतो तेव्हा उत्तर येतं, प्रभू येशूवर विश्वास ठेव म्हणजे तुझं आणि तुझ्या घराण्याचं तारण होईल.

आपण काय करतो, या सगळ्यांतून आपल्याला आवडेल ते एक उत्तर उचलतो आणि सगळ्यांना तेच देतो. म्हणजे डॉक्टरकडे एकच गोळी, डोकं दुखो की पाय मोडो. त्या नायकाला विश्वास ठेव का सांगितलं ते एकदा बघा तरी, तो माणूस तलवार उपसून जीव द्यायला निघाला होता. भूकंप झालाय, दारं उघडलीत, कैदी पळाले असं समजून त्याचं सगळं संपलंय. अशा माणसाला पौल सांगेल का की आधी हे विक आणि ते परत कर? त्याच्या हातात करण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. आणि श्रीमंत माणसाचं उलट होतं, सगळ्या आज्ञा लहानपणापासून पाळल्यात म्हणत होता, त्याला जर 'फक्त विश्वास ठेव' म्हटलं असतं तर तो आनंदाने ठेवून, आपली सगळी मालमत्ता घेऊन, खुशीत घरी गेला असता. येशूने त्याच्याकडे बघून त्याच्यावर प्रीती केली असं मार्क म्हणतो, आणि त्या प्रीतीतच त्याला जिथे दुखत होतं तिथे बोट ठेवलं.

पौल आणि याकोबाचं तथाकथित भांडणसुद्धा मला असंच दिसतं. पौलासमोर सुंतेशिवाय तारण नाही म्हणणारे लोक होते, नवीन आलेल्यांना दारात अडवणारे. याकोबासमोर उघड्या-उपाशी भावाला "जा, ऊब घे, पोट भरून खा" म्हणून रिकाम्या हाताने पाठवणारे होते. दोघेही अब्राहामाचं नाव घेतात, उत्पत्ती 15:6 चं तेच वचन दोघांकडे आहे, पण पौल त्या रात्रीपाशी थांबतो जेव्हा अब्राहामाची अजून सुंताही झालेली नव्हती आणि याकोब पुढे, अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, अर्पण करायला निघतो त्या वेदीपर्यंत जातो. याकोब म्हणतो तशी भुतंही विश्वास ठेवतात आणि थरथर कापतात, पण त्यांचा विश्वास म्हणजे नुसती माहिती आहे. ग्रीकमधला विश्वासासाठीचा पिस्तिस हा शब्द माहितीपेक्षा मोठा आहे, त्यात भरवसाही येतो आणि इमानही. मराठीत बघा ना, विश्वास ठेवतो तो विश्वासणारा आणि ज्याच्यावर ठेवता येतो तो विश्वासू, शब्द एकाच घरातले. मावसभावाच्या पार्टनरने विश्वास ठेवला असेलही, पण विश्वासू व्हायचं राहिलंय, आणि तुम्ही त्याला टाळ्या वाजवून सांगितलंत की त्याची गरज नाही.

जक्कयाला आठवा, तो श्रीमंत जकातदार. त्याने प्रार्थना म्हटल्याचं लूक लिहित नाही, विश्वास ठेवला असंही लिहित नाही. तो उभा राहिला आणि म्हणाला अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो, आणि येशू म्हणाला आज या घराला तारण मिळालं. चौपट देऊन त्याने ते विकत घेतलं का? नाही ना, येशू आधीच त्याच्या घरी उतरायला निघाला होता, झाडावरून खाली बोलावून, न मागता. कृपा आधी आली. पण आल्यावर तिजोरी उघडली. तिजोरी उघडलीच नाही तर पाहुणा खरंच आत आला होता का, एवढं विचारायचा हक्क ज्याचे पैसे गेलेत त्याला आहे की नाही?

इथे कोणीतरी लगेच येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराचं उदाहरण देणार, मला माहीत आहे. बाप्तिस्मा नाही, दान नाही, काही नाही, आणि आजच सुखलोकात. हो. पण त्याने जे शक्य होतं ते केलं, हातपाय खिळलेले असताना तोंड मोकळं होतं, त्या तोंडाने आपण शिक्षेला पात्र आहोत हे कबूल केलं, आणि ज्याची सगळे टर उडवत होते त्याची बाजू घेतली. त्या दिवशी त्या टेकडीवर दुसऱ्या कोणी बाजू घेतल्याचं लिहिलेलं नाही, निदान तोपर्यंत. पण ज्याचे हात मोकळे आहेत त्याने चोराचं उदाहरण स्वतःसाठी वापरू नये, एवढं तरी सांगत जा.

आणि मत्तय 25, शेवटच्या न्यायाच्या वेळी वेगळी केलेली मेंढरं आणि शेरडं. तिथे कोणालाही विचारलं जात नाही की विश्वास होता का. खायला दिलंस का, भेटायला आलास का. पण मला नेहमी थांबवतं ते वेगळंच, मेंढरांना आठवतच नाही! प्रभू, आम्ही तुला कधी भुकेलेलं पाहिलं? मोजलंच नव्हतं त्यांनी. आणि मत्तय 7 मध्ये ज्यांना निघून जा म्हटलं जातं त्यांना सगळं आठवतं, तुझ्या नावाने संदेश दिला, भुतं काढली, मोठाली अद्भुतं केली, अख्खी यादी पाठ आहे. यादीवाले बाहेर आणि विसरलेले आत.

विसरलेले म्हटलं आणि आई आठवली. तिला स्वतःचं काहीही आठवत नाही. ताटातला घास अजून शेजारच्या माणसाला देते, कोण आहे ते माहीत नसताना. याला विश्वास म्हणायचं की सवय, मला कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही.

त्या पाळकांच्या प्रश्नाचं उत्तर मला मार्कच्या दुसऱ्या अध्यायात सापडलं, म्हणजे निदान माझ्यापुरतं. चौघं एका पक्षाघाती माणसाला खाटेवर उचलून आणतात, गर्दीमुळे दारातून जाता येत नाही म्हणून छप्पर उसकटून खाली सोडतात. आणि मार्क लिहितो, येशूने त्यांचा विश्वास पाहून त्या माणसाला म्हटलं, मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. त्यांचा! खाटेवरचा माणूस एक शब्द बोललेला नाही. त्याचा विश्वास होता की नव्हता, मार्कला सांगावंसंही वाटलं नाही. लहान बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्या हेच धरून असतात ना, ल्यूथरनेही 1529 मध्ये लिहिलंय की माझा विश्वास बाप्तिस्मा घडवत नाही, तो फक्त स्वीकारतो. तर पाळकसाहेब, पुढच्या वेळी याल तेव्हा आईला काही विचारू नका. खाटेचा एक कोपरा धरा. तीन कोपरे आम्ही भावंडांनी धरलेत.

यावर तुम्ही म्हणाल, मग काय, विश्वास लागतच नाही का, सगळेच तरणार का? मी तसं म्हटलेलं नाही आणि ते ठरवायचं माझं कामही नाही. मी एवढंच म्हणतेय की विश्वास म्हणजे पुढे केलेला रिकामा हात, आणि कोणाचा हात किती पसरलाय हे तपासत बसायची ड्यूटी आपल्याला कोणी दिलेली नाही. तारण या शब्दाला मराठीत दुसरा अर्थ आहे, कर्ज घेताना आपण काहीतरी तारण ठेवतो. मला वाटतं नकळत आपण तोच अर्थ धरून बसलोय, देवाकडे आपला विश्वास तारण ठेवला आणि त्यावर स्वर्ग उचलला. आणि ज्यांच्याकडे ठेवायला काही नाही त्यांचं काय?

तर माझं मागणं फार मोठं नाही. तारण कशाने होतं असं कोणी विचारलं तर वचन उघडण्याआधी एकदा विचारा, तू का विचारतोयस? रात्री झोप लागत नाही म्हणून विचारतोय की परत करायचे पैसे वाचवायचे आहेत म्हणून विचारतोय. पहिल्याला कृपा सांगा, इतकी सांगा की तो रडेल. दुसऱ्यालाही कृपाच सांगा पण जक्कयाच्या घरातली, आणि मग त्याच्याबरोबर जाऊन त्या मावसभावाच्या दारात उभे राहा.

आणि बंदिशाळेच्या नायकावर प्रवचन कराल तर कृपा करून प्रेषितांची कृत्ये 16:31 वर थांबू नका. पुढे दोन वचनं वाचा. त्याच रात्री, त्याच घटकेस, बाप्तिस्म्याच्याही आधी, त्याने पौल आणि सीला यांच्या जखमा धुतल्या. त्यानेच काही तासांपूर्वी त्यांचे पाय खोड्यात अडकवले होते. जुन्या काळातला प्रवचनकार ख्रिसोस्तोम या ठिकाणी म्हणतो की त्याने त्यांना धुतलं आणि स्वतः धुतला गेला, त्यांचे वळ आणि याची पापं. पौलाने त्याला जखमा धू असं सांगितलं नव्हतं. नाही धुतल्या तर तारण नाही, असंही सांगितलं नव्हतं. त्याने दिवा मागवला होता ना मघाशी, त्या उजेडात त्याला त्या दिसल्या असणार.

तुमचीच,
मागच्या बाकावर बसणारी एक संडे स्कूल टीचर

ता.क. – उत्तर द्यायचं असेल तर वचनांची यादी पाठवू नका, दोन्ही बाजूंची यादी माझ्याकडे तयार आहे. वेळ असेल तर एखाद्या दुपारी येऊन आईजवळ तासभर बसा, म्हणजे मला जरा झोपता येईल.